पालक वर्गासाठी निधी हवाय? प्रस्ताव असा लिहा

अवसरी बुद्रुकच्या बचत गटातल्या एका ताईंनी परवा विचारलं, "लहान मुलांच्या आईबापांसाठी वर्ग घ्यायचेत. पैसे कोण देईल?"

मी संस्थांचे प्रस्ताव लिहिते, म्हणून सगळ्यांसाठीच सांगते.

आधी ग्रामपंचायत. तिच्या स्वउत्पन्नातला 10 टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी असतो. मागणी महिला ग्रामसभेत मांडा, ठराव घ्या, विषय गावाच्या विकास आराखड्यात घाला. आराखड्याच्या ‘बालस्नेही गाव’ या संकल्पनेत तो चपखल बसतो.

मग कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी. तिथे नोंदणीकृत संस्था लागते. 2021 पासून ‘सीएसआर-1’ हा अर्ज भरून संस्थेची नोंदणी करणंही सक्तीचं आहे.

प्रस्तावात ‘पालकांमध्ये जागृती करू’ एवढ्यावर भागत नाही. कोणते पालक, किती बैठका, कोण शिकवणार, हे लिहा. वेळ शेतीची कामं पाहून ठरवा. कांदा काढणीत दुपारी कोणी फिरकणार नाही. बाबांसाठी रात्रीची बैठक ठेवा.

अंदाजपत्रकात मानधन, छपाई, चहा आणि मुलं सांभाळणाऱ्या ताईंचे पैसेही धरा. जागा फुकट मिळाली तर ती गावाचं योगदान म्हणून दाखवा.

बदल मोजणार कसा, तेही सांगा. किती घरांत मुलांना रोज गोष्ट सांगतात, हे वर्गाआधी आणि नंतर विचारा.

काही अडलं तर बिनधास्त विचारा!