भूल दिल्याने कॅन्सर उलटतो का?

ऑपरेशनची तारीख मिळालेल्या एका मावशींनी हा प्रश्न विचारला. प्रश्न रास्त आहे. रक्तातील ‘नॅचरल किलर’ पेशी भटक्या कर्कपेशींना मारतात, आणि ऑपरेशनच्या ताणाने त्या काही दिवस मंदावतात. तेल अवीव विद्यापीठात शामगार बेन-एलियाहू यांनी यावर बरीच वर्षे काम केले आहे. प्रयोगशाळेत, शिरेतून देण्याचे प्रोपोफॉल या पेशींना हुंगायच्या भुलीपेक्षा कमी त्रास देते असे दिसले होते. पण २०१९ साली स्तनाच्या कॅन्सरच्या २१०८ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. एका गटाला प्रोपोफॉल व पाठीत बधिर करणारे इंजेक्शन, दुसऱ्याला हुंगायची भूल. रोग दोन्हीकडे सारखाच उलटला, सुमारे १० टक्के स्त्रियांत. तेव्हा या भीतीपायी तारीख पुढे ढकलू नका. रोज झोपेची गोळी घेत असाल तर मात्र भूलतज्ज्ञाला आधी सांगा. आपल्या वयात तीच गोष्ट आपण लपवतो.