वऱ्हाडांतील गांवकारभाराचे कागद : मौजे हिवरखेडच्या निमित्तानें

अकोला जिल्ह्यांत सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजूस हिवरखेड म्हणून मोठें गांव आहे. पूर्वी हें अकोट तालुक्यांत मोडत असे. हल्लीं तें तेल्हारा तालुक्यांत आहे. दीर्घकाळ येथील कारभार ग्रामपंचायत पाहत असे. ग्रामपंचायत जाऊन तेथें नगरपरिषद आली व २०२५ सालीं या नगरपरिषदेची पहिली निवडणूक झाली. गांवाचें शहर झालें म्हणजे कचेरीवरील पाटी बदलते आणि सरपंचाचे जागीं अध्यक्ष येतो, एवढेंच लोकांच्या ध्यानांत राहतें. दप्तराच्या दृष्टीनें मात्र हा मोठाच फेरफार होय. कारभार एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांना नवा कारभारी चालू हिशेब तेवढा उचलतो. जुने रुमाल माळ्यावर चढतात, तेथून वाळवीच्या तोंडीं पडतात किंवा रद्दीच्या तागडींत जातात. वऱ्हाडांत असें हस्तांतर गेल्या सवादोनशें वर्षांत अनेकदां झालें आहे. प्रत्येक वेळीं काय लिहिलें गेलें, तें कोणाच्या घरीं राहिलें व आज तें कसें वाचावें, याचा विचार संग्राहकांच्या उपयोगासाठीं येथें करावयाचा आहे.

आरंभींच नांवाचा घोटाळा सांगितला पाहिजे. हिवर म्हणजे पांढऱ्या सालीचें बाभळीच्या जातीचें झाड. हें वऱ्हाडांत सर्वत्र आढळतें आणि त्यावरून पडलेलीं गांवेंही पुष्कळ आहेत. अमरावती जिल्ह्यांत मोर्शी तालुक्यांत एक हिवरखेड आहे. बुलढाणा जिल्ह्यांत खामगांवच्या बाजूस आणखी एक आहे. तेव्हां ‘मौजे हिवरखेड’ एवढ्याच अक्षरांवर विसंबून एखादा कागद अकोटकडील ठरविणें धाडसाचें होय. परगणा पाहावा, तो नसेल तर देशमुख-देशपांड्यांचीं आडनांवें व शेजारच्या गांवांचीं नांवें पाहावीं. चतुःसीमा लिहिलेला कागद असेल तर प्रश्नच उरत नाहीं. व्यापाऱ्याकडून सुटे कागद विकत घेणाऱ्यांस हा आधार बहुधा मिळत नाहीं. त्याविषयीं पुढें बोलूं.

दुसरा घोटाळा सालाचा, आणि तो अधिक नडणारा आहे. पेशवाईच्या मुलुखांतील कागदांत शुहूर सन नेहमीं येतो. वऱ्हाडांतील जमाबंदीच्या कागदांत फसली सनाचा भरणा अधिक. दोन्हींचा आरंभ मृगापासून होतो. दख्खनी फसलींत ५९० मिळविले म्हणजे ज्या इसवी सनाच्या मृगास तें वर्ष सुरू होतें तो सन निघतो. शुहूर सनांत ५९९ मिळवावे लागतात. म्हणजे त्याच वर्षाचा फसली आंकडा शुहूर आंकड्याहून नऊंनीं अधिक असतो. उत्तर हिंदुस्थानांतील फसली याहून निराळी. तिच्यांत ५९२ मिळवावे लागतात व तिचें वर्ष शरदांत सुरू होतें. छापील कोष्टकांत ही उत्तरेकडील फसलीच पुष्कळदां दिलेली असते. समजा एखाद्या कागदावर ‘सन १२१३ फसली’ असें आहे. दख्खनी गणनेनें हें वर्ष १८०३ च्या जूनांत सुरू होतें. शुहूर सन अर्बा मयातैन व अलफ, शके १७२५. उत्तरेकडील कोष्टक लावलें तर तोच कागद १८०५ च्या अखेरीस जातो. दोन वर्षांचा फरक, त्यांत काय मोठेंसें, असें कोणी म्हणेल. हिवरखेडच्या आसपासच्या मुलुखापुरतें तरी या दोन वर्षांत सर्व कांहीं उलटलें होतें.

१८०३ च्या नोव्हेंबरच्या २९ तारखेस जवळच्याच अडगांवच्या मैदानावर आर्थर वेलस्लीनें नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या फौजांचा मोड केला. इंग्रज ज्यास ‘आरगाम’ची लढाई म्हणतात ती हीच. १५ डिसेंबरास गाविलगड पडला आणि दोन दिवसांनीं देवगांवचा तह झाला. या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनीं सोडला व पुढल्याच वर्षीं, १८०४ त, तो इंग्रजांनीं निजामास दिला. त्यापूर्वीं वऱ्हाडांत दोअमली होती. निजामाचा आमील एका बाजूनें वसूल घेई आणि चौथ, सरदेशमुखी, घासदाणा या बाबींखालीं भोसल्यांचा कमावीसदार दुसऱ्या बाजूनें. एकाच गांवच्या एकाच वर्षाच्या दोन सरकारांकडील पावत्या जेथें सांपडतात तेथें लबाडीचा संशय घेऊं नये. तीच त्या काळची रीत होती, व दोहोंची भर करतांना पटवाऱ्याची काय तारांबळ उडत असेल तें त्याच्या वसूलबाकीवरूनच दिसतें.

देवगांवच्या तहानें सर्व वऱ्हाड एकदम निजामाकडे गेलें, असें साधारण पुस्तकांत लिहिलेलें असतें. तें सरसकट खरें नाहीं. नरनाळा व गाविलगड हे दोन किल्ले आणि त्यांस लागून चार लक्षांचा मुलूख भोसल्यांकडे राहिला, आणि त्यांत अकोट व अडगांव हे परगणे होते. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ते भोसल्यांच्या हातून गेले व १८२२ च्या तहानें निजामाकडे कायम झाले. याचा संशोधकास व्यवहारांत अर्थ असा कीं, १८०४ पासून पुढच्या चौदा-पंधरा वर्षांचे या परगण्यांतील ताकीदपत्र, कौल किंवा जमाबंदी पाहावयाची तर शोध नागपूरच्या बाजूस केला पाहिजे. त्याच वर्षांतील बाळापूरकडील कागद मात्र हैदराबादच्या रोखानें शोधावे लागतील. आमच्या मतें या एका कारणासाठीं तरी दख्खनी व उत्तरी फसलीचा भेद प्रत्येक संग्राहकानें पाठ करून ठेवावा. कै. यादव माधव काळे यांनीं ‘वऱ्हाडचा इतिहास’ व ‘नागपूरकर भोसल्यांचा इतिहास’ लिहून या उलाढालींचा पट आंखून दिला आहे. गांवगन्ना कागद त्या पटावर योग्य घरांत बसविणें हें काम अद्याप पुष्कळसें राहिलें आहे.

आतां कागदांच्या जातींकडे वळूं. कोंकणपट्टींतील गांवच्या दप्तरांत खोत व बंदरचा जकातदार यांचा जो वावर दिसतो तो येथें नाहीं. येथें गांवचा मुख्य पटेल व लेखणीचा धनी पटवारी. त्यासच जुने लोक पांड्या म्हणतात. परगण्यावर देशमुख व देशपांडे. मोठ्या गांवांत ‘खेल’ असत. खेल म्हणजे गांवाचा विभाग. कांहीं ठिकाणीं खेलास स्वतंत्र पटेल असे व तेथें जमाबंदीही निराळी निघे. म्हणून एका गांवाचे एकाच सालचे दोन ताळेबंद मिळाले तर एक खोटा, असा निकाल देण्यापूर्वीं डोक्यावर खेलाचें नांव आहे कीं काय तें पाहावें.

यांतील सर्वांत बोलका कागद म्हणजे महजर. हद्दीचा, वतनाचा किंवा मानपानाचा तंटा निघाला म्हणजे गोत बसे. देशमुख, देशपांडे, पटेल, शेजारचे गांवकरी व बलुतेदार जमत, साक्षी होत, आणि निवाडा लिहून त्याखालीं प्रत्येकाची निशाणी पडे. पटेलाचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. ज्यास अक्षर येत नसे त्याचें हत्यारच त्याच्या वतीनें सही करी. नकलेंत या निशाण्या ‘नि॥ नांगर’ अशा अक्षरांत येतात, मुळांत चित्रानें. दोहोंतला हा भेद अस्सल व नक्कल ओळखण्यास मोडी अक्षराच्या वळणापेक्षां अधिक उपयोगी पडतो. गांवच्या कारभारांत कोणास बसावयास जागा होती आणि कोणास उभें राहावें लागे, हेंही निशाण्यांच्या क्रमावरून कळतें. महाराची निशाणी तळाशीं असते हें खरें. पण हद्दीच्या तंट्यांत शिवेवर चालून खूण दाखविणारा तोच असे, व त्याच्या शब्दावाचून निवाडा पुरा होत नसे.

महजराच्या मानानें कौल, इस्तावा, लावणीपत्रक, वसूलबाकी हे कागद रुक्ष वाटतात व संग्राहक ते बाजूस टाकतात. ही चूक आहे. पडीत जमीन उठविण्यासाठीं पहिल्या वर्षीं थोडा व पुढें चढता धारा ठरवून दिलेला इस्तावा पाहिला म्हणजे गांव केव्हां उजाड झालें होतें व केव्हां पुन्हा वसलें, हें कोणत्याही बखरीपेक्षां नेमकें समजतें. निजामाच्या अमदानींत वसुलाचे इजारे सावकारांस दिले जात. १८४१ च्या सुमारास मुंबईच्या पेस्तनजी मेहेरजींच्या पेढीकडे वऱ्हाडांतील मोठा वसूल लावून दिला होता, तो १८४५ त काढून घेतला. या काळांतील पावत्यांवर सरकारी शिक्क्याऐवजीं पेढीच्या गुमास्त्याचें नांव आलें तर चकित होऊं नये.

१८५३ च्या मे महिन्यांतील तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें व १८६१ पासून मुंबई पद्धतीची पाहणी सुरू झाली. शेतास सर्व्हे नंबर मिळाला, आणि ‘चिंचेखालचें’, ‘नाल्यावरचें’ हीं शेतांचीं नांवें कागदांतून हळू हळू गेलीं. यापुढील कागदांचा काळ त्यांच्या डोक्यावरील छापावरून सहज ठरतो. ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असेल तर तो १९०३ च्या पूर्वींचा, कारण त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरापासून वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलें गेलें. वऱ्हाड कायद्यानें निजामाचाच मुलूख गणला जाई. त्यामुळें तेथील विधींस ‘ॲक्ट’ न म्हणतां ‘लॉ’ म्हणत. १८८५ चा रूरल बोर्ड्स लॉ, १८८६ चा म्युनिसिपल लॉ, १९०० चा पटेल-पटवारी लॉ हीं नांवें त्या वेगळेपणाचीं साक्षी आहेत. १९५० नंतर मध्यप्रदेश, १९५६ च्या नोव्हेंबरापासून मुंबई राज्य व १९६० च्या १ मे पासून महाराष्ट्र, अशा पुढील पायऱ्या आहेत. एकाच गांवच्या एकाच पटवारी घराण्यांत हे सर्व छाप एकाखालीं एक रचलेले आढळणें अशक्य नाहीं.

हे कागद घरांत कां आढळतात, हा प्रश्न नवशिके विचारतात. पटवारीपण वंशपरंपरेचें होतें. लेखणी घरची, तसें दप्तरही घरचें, अशी समजूत होती. वतनी कारभार संपला, १९६२ च्या कायद्यानें मुलकी पटेलकीही गेली. सरकारनें चालू पुस्तकें तहसिलींत नेलीं, पण त्यापूर्वींचे रुमाल वाड्यांतच राहिले. म्हणून एका गांवचें दप्तर वस्तुतः तिघांकडे वांटलेलें असतें : जुनें वतनदारांच्या घरीं, मधलें तहसिलींत, आणि घरपट्टी, ठरावबुक, बाजार व कोंडवाडा यांचें तेवढें पंचायतींत. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखालचें व त्याच्या मागील १९४६ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड पंचायत कायद्याखालचें जें कांहीं असेल तें या तिसऱ्या ठिकाणीं पाहावें. हिवरखेडसारख्या ठिकाणीं नगरपरिषदेच्या हातीं जातें तें हें तिसरें दप्तर. तें वयानें सर्वांत लहान आणि म्हणूनच सर्वांत उपेक्षित. कर आकारणीच्या जुन्या यादींत घर धाब्याचें कीं कौलारू, बखळ कोणाची, गढीलगत कोण राहतो, हें घरगणिक लिहिलेलें असतें. नगररचनेचा नवा नकाशा झाल्यावर जुन्या गांवठाणाचें असें चित्र दुसरीकडे कोठेंही मिळावयाचें नाहीं.

या सर्वांत एका पुस्तकाची गोष्ट निराळी आहे. गांवांतील जन्ममृत्यूंची नोंद ज्यांत होई व ज्यास इकडे कोतवालबुक म्हणतात, त्याकडे इतिहासाभ्यासकांनीं फारसें लक्ष दिलें नाहीं. त्यांत बापाचें नांव, जात, मूल मुलगा कीं मुलगी व तारीख असते. बालकाचें नांव पुष्कळदां नसतेंच. पटकीच्या व प्लेगच्या सालीं मृत्यूंच्या ओळी पानेंच्या पानें भरतात, आणि लिहिणाराचें अक्षर तेवढ्यापुरतें बिघडतें. आज याच पुस्तकाच्या नकलेसाठीं लोक तहसिलीच्या दारीं उभे असतात, कारण जातीच्या दाखल्यास जुना पुरावा लागतो. २०२३ त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां कुणबी नोंदींसाठीं जुनीं दप्तरें उघडावीं लागलीं व मोडी वाचणारांची एकाएकी आठवण झाली. ज्या कागदाचें पान फाटलें त्या कागदांतील माणसाच्या पणत्वाचें शिक्षण अडतें, अशी ही अवस्था आहे. पुराणवस्तूंच्या बाजारांत असें पुस्तक विकत घेणारानें आपण काय घेत आहों याचा विचार करावा. आमच्या मतें त्याची जागा तहसिलींतच आहे.

संग्राहकांच्या एका संवयीविषयीं स्पष्ट लिहिणें भाग आहे. रुमालांतून सुबक शिक्क्याचा, ठळक मोडीचा एखादा कागद काढून घेऊन बाकीचा गठ्ठा टाकून देणें ही ती संवय. गांवकारभाराचा कागद एकटा मुका असतो. वसूलबाकीचा आंकडा मागल्या सालच्या बाकीशीं जुळवावा लागतो, मागल्या सालची बाकी इस्ताव्याशीं, आणि इस्तावा महजरांतील हद्दीशीं. वर सांगितलेला ‘कोणतें हिवरखेड’ हा प्रश्नही गठ्ठा जागेवर असता तर उद्भवला नसता. यवतमाळच्या शारदाश्रमासारख्या संस्थांनीं वऱ्हाडांतील हस्तलिखितें जतन केलीं, त्यांत घराण्याचें दप्तर एकत्र ठेवण्याचें महत्त्व कोणासही समजेल. ज्यांच्याकडे रुमाल असेल त्यांनीं तो सोडण्यापूर्वीं गांठीचा, वेष्टणाचा व कागदांच्या क्रमाचा टिपणवजा तपशील लिहून ठेवावा, प्रत्येक कागदावर पेन्सिलीनें मागच्या बाजूस अनुक्रमांक घालावा, आणि वेष्टणाचें फडकें कितीही जीर्ण असलें तरी टाकूं नये. सालाचा व खेलाचा निर्देश पुष्कळदां त्या फडक्यावरच शाईनें केलेला असतो.