२०० पैकी २१४ मार्क! सरळसेवा भरतीत हा आकडा येतो कुठून?

जानेवारी २०२४ मध्ये तलाठी भरतीचा निकाल लागला आणि राज्यभर एकाच आकड्याची चर्चा सुरू झाली. पेपर २०० मार्कांचा होता आणि एका उमेदवाराला मार्क होते २१४. घोटाळ्याचे आरोप झाले, चौकशीची मागणी झाली. सरकारकडून उत्तर आलं, ‘हे नॉर्मलायझेशनचे मार्क आहेत.’

उत्तर मिळालं, पण समाधान झालं नाही. कारण वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या बहुतेक मुलामुलींना नॉर्मलायझेशन हा शब्द माहीत असतो, त्यामागचं गणित मात्र कुणी समजावून सांगितलेलं नसतं. आज रेल्वे, एसएससी, बँक आणि राज्याच्या सरळसेवा अशा बहुतेक ऑनलाइन भरतींचा निकाल याच गणितावर ठरतो.

नॉर्मलायझेशनची गरजच का पडते?

आधी थोडं मागे जावं लागेल. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड भरतीचे पेपर फुटल्याचं पुणे पोलिसांच्या तपासात समोर आलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये म्हाडाची परीक्षा ऐन वेळी थांबवावी लागली. त्यानंतर सरळसेवा भरती टीसीएस आणि आयबीपीएस यांच्यासारख्या मोठ्या संस्थांकडून, संगणकावर घेण्याकडे सरकार वळलं.

पण संगणकावर परीक्षा घ्यायची तर तेवढे संगणक लागतात. २०२३ च्या तलाठी भरतीला दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. एवढ्यांना एकाच वेळी बसवणं शक्य नव्हतं. म्हणून १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२३ या काळात ही परीक्षा ५७ शिफ्टमध्ये झाली.

५७ शिफ्ट म्हणजे वेगवेगळे पेपर. सगळे पेपर तंतोतंत सारखे अवघड काढणं कुणालाच जमत नाही. कुणाच्या वाट्याला सोपं गणित येतं, कुणाला बुद्धिमत्तेचे प्रश्न घाम फोडतात. मग सोप्या पेपरमधले १६० मार्क आणि अवघड पेपरमधले १६० मार्क सारखेच धरायचे का? तसं केलं तर नोकरी अभ्यासावर मिळणार नाही, कुठली शिफ्ट मिळाली यावर मिळेल. हा अन्याय कमी करण्यासाठी सगळ्यांचे मार्क एका पातळीवर आणतात. यालाच नॉर्मलायझेशन म्हणतात.

मार्क २०० च्या वर कसे जातात?

याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत दोन गोष्टी बघतात. एक, शिफ्टची सरासरी. दोन, प्रमाण विचलन, म्हणजे त्या शिफ्टमधल्या उमेदवारांचे मार्क सरासरीपासून किती लांबपर्यंत पसरलेत.

सोपं करून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ शिफ्टचा पेपर अवघड होता. सरासरी १००, प्रमाण विचलन २०. ‘ब’ शिफ्टचा पेपर सोपा होता. सरासरी १३०, प्रमाण विचलन २४. मार्क ‘ब’ च्या पातळीवर आणायचे ठरले आहेत.

‘अ’ मधल्या एका मुलीला १६० मार्क आहेत. म्हणजे ती सरासरीच्या ६० मार्क पुढे, २० च्या मापाने तीन पावलं पुढे आहे. आता ‘ब’ च्या सरासरीपासून तीन पावलं पुढे जायचं, पण तिथलं एक पाऊल २४ मार्कांचं आहे. १३० अधिक ७२, म्हणजे २०२. पेपर २०० चा, मार्क २०२!

या मुलीने २०० पैकी २०२ मार्कांची उत्तरं बरोबर लिहिलेली नाहीत. २०२ हा तुलनेसाठी काढलेला आकडा आहे. अवघड पेपरात ती बाकीच्यांच्या किती पुढे होती, एवढंच तो सांगतो.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. ‘अ’ मध्ये १०० मार्क मिळवणाऱ्याचे १३० होतात, म्हणजे ३० वाढले. ८० वाल्याचे १०६ होतात, म्हणजे २६ वाढले. पण १६० वालीचे ४२ वाढले. ‘शिफ्ट एकच, मग मित्राचे मार्क माझ्यापेक्षा जास्त का वाढले?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आणि ज्यांचा पेपर सोपा होता, त्यांचे मार्क कमीही होऊ शकतात.

बँकेच्या परीक्षेत काय होतं?

आयबीपीएसच्या बँक भरतीत दुसरी पद्धत आहे, इक्वी-पर्सेंटाइल. इथे सरासरीऐवजी शिफ्टमधलं तुमचं स्थान बघतात. समजा, एका शिफ्टमध्ये १०० पैकी ९० जण तुमच्या मागे आहेत आणि तुमचे मार्क ५० आहेत. दुसऱ्या शिफ्टमध्ये ९० जणांना मागे टाकणाऱ्याचे मार्क ५८ आहेत. तर तुमचे ५० आणि त्याचे ५८ एकाच तोलाचे धरले जातात. एसएससीनेही २०२५ मध्ये याच पद्धतीकडे वळत असल्याचं जाहीर केलं.

मग आक्षेप कशाला?

दोन्ही पद्धती एक गोष्ट गृहीत धरतात. प्रत्येक शिफ्टमध्ये हुशार, मध्यम आणि नवख्या उमेदवारांचं प्रमाण साधारण सारखं आहे. एका शिफ्टला हजारो उमेदवार असतील आणि वाटप कसलाही क्रम न ठेवता झालं असेल, तर हे बऱ्यापैकी खरं ठरतं. शिफ्ट छोटी असेल किंवा एखाद्या केंद्रावर कॉपी झाली असेल, तर हिशेब बिघडतो. कॉपी करणारा स्वतः पुढे जातोच, शिवाय शिफ्टची सरासरी वाढवून प्रामाणिक मुलांना मागे खेचतो.

म्हणूनच नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रयागराजला हजारो विद्यार्थी उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगासमोर बसले. मागणी होती, एक दिवस, एक शिफ्ट. शेवटी आयोगाने पीसीएसची पूर्वपरीक्षा एकाच दिवशी घेण्याचं मान्य केलं. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेतही सगळे एकच पेपर सोडवतात, तिथे हा प्रश्न येत नाही. पण एकच पेपर असला की तो फुटला तर सगळीच परीक्षा पाण्यात जाते.

थोडक्यात, २१४ हा आकडा घोटाळ्याचा पुरावा नाही. आणि नॉर्मलायझेशन केलं म्हणजे परीक्षा स्वच्छ झाली, याचाही तो पुरावा नाही. विश्वास बसायचा असेल तर मूळ मार्क, प्रत्येक शिफ्टची सरासरी आणि वापरलेलं सूत्र निकालासोबतच जाहीर व्हायला हवं. वयोमर्यादा जवळ आलेल्या उमेदवाराची नोकरी अर्ध्या मार्काने जात असेल, तर तो अर्धा मार्क कसा ठरला हे त्याला पडताळता आलंच पाहिजे.

तयारी करणाऱ्यांनी काय लक्षात ठेवायचं?

• जाहिरातीत नॉर्मलायझेशनची पद्धत दिलेली असते. फॉर्म भरतानाच ती वाचा.

• उत्तरतालिका आल्यावर मूळ मार्क मोजा, पण त्यावरून ‘सेफ’ ठरवू नका. वेगळ्या शिफ्टच्या मित्राशी थेट तुलना चुकीची ठरते.

• पेपर अवघड निघाला तर घाबरून अंदाजपंचे उत्तरं देऊ नका, विशेषतः निगेटिव्ह मार्किंग असेल तर. तो शिफ्टमधल्या सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो.

• रिस्पॉन्स शीट डाउनलोड करून ठेवा. लिंक कायम राहत नाही.

• चुकीच्या उत्तरावर मुदतीत आक्षेप घ्या. प्रश्न रद्द होऊन सगळ्यांना मार्क मिळाले, तरी ते फुकटचे नसतात. शिफ्टची सरासरीही वाढते आणि ज्यांचं उत्तर आधीच बरोबर धरलं होतं, त्यांची आघाडी कमी होते.

• निकालाआधी व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवर फिरणाऱ्या ‘अपेक्षित कट ऑफ’वर पुढचा अभ्यास थांबवू नका. सगळ्या शिफ्टचे मार्क हातात नसताना तो कुणालाच नक्की सांगता येत नाही.