मोडबस की प्रोफिनेट? आधी काम बघा, मग वेग

ग्वाल्हेरजवळच्या मालनपूर, बानमोरच्या कारखान्यांत कंट्रोल पॅनेलवर काम करायचं असेल, तर हा फरक माहीत हवाच. मोडबस १९७९ चा, पण आजही चालतो. त्यात कंट्रोलर एका वेळी एकाच मीटरला विचारतो. सिरियल तारेवर ९६०० बिट वेगाने दहा रजिस्टर वाचायला साधारण ५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे तीस मीटरच्या एका फेरीला दीड सेकंद. पाण्याच्या टाकीला एवढं पुरतं. वेगात फिरणाऱ्या सर्वो मोटरला नाही. तिथे प्रोफिनेट किंवा इथरकॅट हवं, ज्यांची फेरी एका मिलिसेकंदाच्या आतही होते. आणि एक लक्षात ठेवा: साध्या मोडबसला पासवर्डच नसतो. ते जाळं थेट इंटरनेटला जोडू नका, नाहीतर बाहेरचा माणूसही व्हॉल्व्ह उघडेल!