पडद्यावर उजळ, कागदावर काळवंडलेला
कृष्णधवल प्रिंट काळपट आली की आपण प्रिंटरला शिव्या घालतो. खरा गुन्हेगार बहुधा स्क्रीनचा झगमगाट असतो. प्रिंटच्या कामाला चौरस मीटरमागे ८० ते १२० कॅन्डेला उजेड पुरतो. नवा मॉनिटर बऱ्याचदा २५०च्या आसपास तळपत असतो. त्यातून स्क्रीन स्वतः उजळते, कागद मात्र खोलीतला उजेड परत देतो. साध्या मॉनिटरवर पांढरा हा काळ्याच्या सुमारे १००० पट उजळ, तर मॅट कागदावर हेच अंतर जेमतेम ४०-५० पट. त्यामुळे आजीच्या काळ्या शालीवरची वीण कागदावर नुसता डाग होते. त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) लावून सॉफ्ट-प्रूफ, म्हणजे छपाईची पडद्यावरची नक्कल, पाहिलं, तर हे छापण्याआधीच दिसतं.

हिरवट-गुलाबी झाक ही वेगळीच कटकट. रंगीत शायांच्या मिश्रणातून करडा बनवला, तर ट्यूबलाइटखाली ठीक वाटणारी प्रिंट गॅलरीतल्या उन्हात रंग बदलते. दोन-तीन करड्या शाया असलेल्या प्रिंटरवर हा त्रास बराच कमी.

डार्करूममधली जुनी युक्ती इथंही चालते: चेहरा आणि गडद सावली येईल एवढाच पट्टा आधी छापायचा, रात्रभर वाळू द्यायचा आणि सकाळी खिडकीशी नेऊन बघायचा.