लोकल व्हेरिएबलची जागा: एक वजाबाकी

सी शिकवताना ‘लोकल व्हेरिएबल स्टॅकवर राहतात’ हे वाक्य ठरलेलं असतं. विद्यार्थी ते वहीत उतरवतात, परीक्षेत लिहितात आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून लॅबमध्ये मी हा धडा जीडीबी हा डीबगर उघडून मशीनवरच दाखवतो.

लिनक्सवर चालणारं साधं ६४-बिट इंटेल मशीन. एक छोटं फंक्शन, त्यात तीन इंट: पहिल्यात ५, दुसऱ्यात ७, तिसऱ्यात त्यांची बेरीज आणि शेवटी ती छापणारा प्रिंटएफ. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून जीसीसीने कंपाइल केलं आणि डिसअसेंबली उघडली, की सुरुवातीच्या सूचना वाचता येतात. आधीच्या फंक्शनचा आरबीपी (फ्रेमचा पाया दाखवणारं रजिस्टर) स्टॅकवर पुश होतो, आरएसपीची (स्टॅकचं टोक दाखवणाऱ्या रजिस्टरची) चालू किंमत आरबीपीत येते आणि मग आरएसपीमधून १६ वजा होतात. एवढ्यावर तिन्ही व्हेरिएबलना जागा मिळालेली असते. मॅलॉकला मोकळा तुकडा शोधावा लागतो, त्याची नोंद ठेवावी लागते. इथे एका वजाबाकीत काम होतं. वजाबाकीच का, तर या प्रोसेसरवर स्टॅक मोठ्या पत्त्याकडून लहान पत्त्याकडे वाढतो.

चार बाइटचे तीन इंट म्हणजे १२ बाइट, मग १६ का, हे कुणीतरी विचारतंच. पुढचं फंक्शन कॉल करताना आरएसपीला १६ ने भाग गेला पाहिजे, असा लिनक्सच्या एबीआयचा नियम आहे. आरएसपीपासून चार-चार बाइटची चार घरं छापून पाहिली, की पहिल्या घरात कुठला तरी जुना आकडा असतो आणि उरलेल्या तिनांत ५, ७ आणि १२. व्हेरिएबलची नावं सूचनांमध्ये कुठेच नसतात. ‘आरबीपीपासून इतके बाइट खाली’ हीच त्यांची ओळख.

फंक्शन संपताना आरएसपी पूर्वीच्या जागी जातो. घरं कोणी पुसत नाही. हे दाखवायला मी लगेच दुसरं फंक्शन कॉल करतो: तसेच तीन इंट, पण किंमत न देताच छापलेले. पडद्यावर ५, ७, १२ येतात. ‘गार्बेज व्हॅल्यू’ कुठून येते, हे त्या एका ओळीत कळतं. आधीच्या फंक्शनने त्याच घरात ठेवलेली किंमत अजून तिथेच असते.

मात्र सी भाषा याची कसलीही हमी देत नाही. तोच कोड ओ-टू लावून कंपाइल केला, की पहिल्या फंक्शनमधल्या तिन्ही इंटची स्टॅकवरची जागाच नाहीशी होते. कंपायलरने बेरीज आधीच करून १२ थेट रजिस्टरमध्ये भरलेले असतात. ‘लोकल व्हेरिएबल स्टॅकवर राहतात’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य त्यामुळे अर्धंच खरं आहे.

या रचनेत वेग आहे, तसाच धोकाही आहे. जतन केलेल्या आरबीपीच्या लगेच वर फंक्शनचा परतीचा पत्ता असतो. लोकल ॲरेत मावेल त्याहून जास्त मजकूर भरला, तर लेखन वरच्या पत्त्यांकडे सरकत त्या पत्त्यावर पोहोचतं. १९८८ साली इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या प्रोग्रामने हेच केलं. व्हॅक्स मशीनवरच्या फिंगर सर्व्हरचा ५१२ बाइटचा बफर त्याने ओसंडवला आणि परतीचा पत्ता बदलला. लांबी न तपासता ओळ वाचणारं ‘गेट्स’ हे फंक्शन त्याला कारणीभूत होतं. २०११ च्या सी मानकातून ते वगळण्यात आलं.

लोकल व्हेरिएबलला किंमत दिल्याशिवाय ते वाचू नये, त्याचा पत्ता रिटर्न करू नये, ॲरेची हद्द ओलांडू नये, हे नियम आपण पाठ करून घेतो. त्यांचं कारण त्या १६ बाइटमध्ये डोळ्यांनी दिसतं. सी लिहिणाऱ्या प्रत्येकाने निदान एकदा आपल्या एखाद्या छोट्या फंक्शनची डिसअसेंबली स्वतः, ओळ न ओळ वाचावी.