इराणी हॉटेल-बेकरी : दारे का मिटली?

एकोणिसाव्या-विसाव्या शतकात इराणहून आलेल्या, बहुतांश झरतुष्ट्री कुटुंबांपैकी काही आजच्या पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या चिकूबागांत स्थिरावली. काहींनी मुंबईत पाव-मस्का आणि चहा विकला. ग्रँट रोडचे ‘बी. मेरवान’ १९१४ चे, मावा केकसाठी नावाजलेले. २०१४ मध्ये ते बंद होणार कळताच रांगा लागल्या. पुढे ते पुन्हा उघडलेही. म्हणजे गिऱ्हाईक आटले, एवढेच कारण पुरत नाही. स्वस्त चहावर माणसे तासभर बसतात, जागेचे मोल मात्र चढत राहते, आणि पुढची पिढी दुसऱ्या पेशात जाते. लाकडी भट्ट्यांवरील निर्बंधांकडेही बोट दाखवले जाते. पण मुंबई उच्च न्यायालयाचा स्वच्छ इंधनाचा आदेश जानेवारी २०२५ चा आहे. धोबीतलावचे ‘बस्तानी’ हे इराणी हॉटेल तर २००४ मध्येच बंद झाले होते.